मुलावरचा कायदेशीर हक्क कधी जातो, कसा जातो? नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल हातचं जातं की काय, ही भीती ज्याच्या पोटात असते त्याला कायद्याची पुस्तकं चाळायला वेळ नसतो. कुठे जायचं, सोबत काय न्यायचं आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे त्याला आजच्या आज कळायला हवं असतं. खालचे प्रश्न नागपूर शहर आणि जिल्ह्यातले आईवडील, आजी-आजोबा, मामा-मावश्या पुन्हा पुन्हा विचारतात. आपल्याकडे आईबापाचा हक्क सहसा एका फटक्यात जात नाही. मुदती सरत जातात, तसा तो जातो. म्हणून या उत्तरांमध्ये दिवसांचा हिशेब जास्त आहे.

“हक्क गेला” असं नेमकं कधी म्हणायचं?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिली गोष्ट ताबा, म्हणजे मूल कोणाजवळ राहतं. दुसरी पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय कोण घेतं: शाळा, ऑपरेशनची सही, पासपोर्ट, मुलाच्या नावावरची जमीन. तिसरी जन्माचं नातं, ज्याच्यामुळे वारसाहक्क आणि पोटगी येते.

ताबा अनेकदा बदलू शकतो. पालकत्व कोर्ट दुसऱ्याकडे देऊ शकतं. जन्माचं नातं मात्र कायद्याने तुटतं ते दत्तकविधान पूर्ण झाल्यावरच. “कोर्टाने मूल तिला दिलं, आता मी त्याचा कोणी नाही” असं एखादा बाप म्हणतो तेव्हा त्याने फक्त पहिली गोष्ट गमावलेली असते. आणि “बाळ फक्त सांभाळायला दिलं होतं” असं एखादी आई म्हणते तेव्हा कधी कधी तिन्ही गोष्टी गेलेल्या असतात. आपलं प्रकरण कुठल्या पायरीवर आहे, हे आधी कागद बघून ठरवा.

नागपुरात कोणाकडे काय चालतं?

नवरा-बायकोच्या वादातला ताबा आणि पालकत्व कुटुंब न्यायालयात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे मूल साधारणतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा लागतो. मूल काटोल, रामटेक किंवा उमरेडकडे राहत असेल तर शहरातल्या कुटुंब न्यायालयाची हद्द तिथवर पोहोचते का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. पोहोचत नसेल तर जिल्हा न्यायालय.

मूल सापडलं, सोडलं गेलं, मारहाण होत होती, घरातून काढलं, किंवा पालक स्वतःच मूल सोपवू इच्छितात, हे सगळं बाल कल्याण समितीकडे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ती ‘सरकारी ऑफिस’ नव्हे. तिचा आदेश म्हणजे कोर्टाचाच आदेश समजा. बैठकीचं ठिकाण आणि वेळ जिल्हा बाल संरक्षण कक्षातून कळते. रात्री-अपरात्री १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

बाल न्याय कायद्याखालचे दत्तक आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देतात. अनेक जुन्या माहितीपत्रकांत अजून ‘कोर्टाचा आदेश’ असंच छापलेलं असतं.

घटस्फोटात ताबा समोरच्याला मिळाला. माझं काय उरलं?

बरंच काही. भेटीचा हक्क, फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याचा हक्क, सुट्ट्यांमधले दिवस, शाळेच्या प्रगतीची आणि आजारपणाची माहिती. आदेशात हे स्पष्ट लिहून घ्या. ‘वाजवी भेट द्यावी’ एवढ्यावर समाधान मानलं की पुढची पाच वर्षं भांडण. “दर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५, मूल अमुक ठिकाणून घ्यायचं आणि तिथेच सोडायचं, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल” अशा भाषेत आदेश हवा.

ताब्याचा आदेश कायमचा दगड नसतो. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच सांगितलंय की परिस्थिती बदलली तर असे आदेश बदलता येतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ हीच वाट उघडी ठेवतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईकडे राहावं असं कायदा म्हणतो, पण ‘साधारणतः’ या शब्दाला वजन आहे.

आईने दुसरं लग्न केलं म्हणून ताबा आपोआप जात नाही. तिच्यावर व्यभिचाराचा आरोप असला तरी तेवढ्याने नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय की ते घटस्फोटाचं कारण ठरू शकतं, ताबा नाकारण्याचं नाही.

भेट अडवली जात असेल तर प्रत्येक वेळची नोंद ठेवा (तारीख, वेळ, मेसेजचा स्क्रीनशॉट) आणि अंमलबजावणीचा अर्ज टाका. शाळेच्या गेटवरून मूल परस्पर उचलून आणणं हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. ज्याच्या बाजूने आदेश व्हायची शक्यता होती, त्याच्याही विरोधात तो एक दिवस कायम उभा राहतो.

कोर्ट पालकाला ‘अपात्र’ कधी ठरवतं?

१८९० च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की बाप हयात असेल, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर आईही, आणि ते अपात्र नसतील, तर कोर्ट तिऱ्हाईताला पालक नेमत नाही. त्यामुळे आजी-आजोबा किंवा काका पालकत्व मागतात तेव्हा सगळी लढाई या एका शब्दावर होते.

एक बारकावा पाहा. आईबापाला ‘काढून टाकलं’ असा वेगळा आदेश निघेलच असं नाही. कलम ७ प्रमाणे नवा पालक नेमला गेला की आधीचा नैसर्गिक पालक आपोआप बाजूला होतो. नोटीस आली आणि “माझ्याविरुद्ध काही मागितलेलंच नाही” म्हणून घरी बसून राहिलेले लोक इथेच फसतात. अर्जाचं शीर्षक ‘पालक नेमण्याबाबत’ असलं तरी तो तुमच्याच विरोधात असतो.

कोर्ट काय बघतं? मुलाचं वय, मुलाशी वागणूक, चारित्र्य, सांभाळण्याची कुवत, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं. न्यायाधीश मुलाशी वेगळ्या खोलीत बोलतात, बरेचदा समुपदेशकही बोलतात. पढवलेलं मूल दोन वाक्यांत ओळखू येतं; मोठ्यांचे शब्द लेकराच्या तोंडात बसत नाहीत. पढवण्याचा दोष मग पढवणाऱ्यावर येतो.

निल रतन कुंडू प्रकरणात (२००८) पित्यावर पत्नीच्या मृत्यूचा खटला चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने मूल आईच्या आईवडिलांकडे ठेवलं आणि सांगितलं की नैसर्गिक पालक म्हणून बापाचा हक्क कितीही असला तरी मुलाचं हित त्याच्या वर आहे.

भाड्याची एक खोली, पाळीची नोकरी, कमी शिक्षण ही एकटी कारणं पुरत नाहीत. रोजची दारू आणि त्यातून होणारी मारहाण, मुलाच्या औषधपाण्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष, लैंगिक छळ, मुलाला भीक मागायला लावणं ही कारणं पुरतात.

मूल आजीकडे ठेवून कामासाठी पुण्याला गेलो. हक्क सोडला असं होईल का?

नाही. तेजस्विनी गौड प्रकरणात (२०१९) आई कॅन्सरने गेली, तिच्या आजारपणापासून बाळ मावशीकडे होतं. मावशीने जीव लावला होता, यात शंका नव्हती. तरी सर्वोच्च न्यायालयाने मूल बापाकडे दिलं, कारण तो अपात्र नव्हता.

पण पुरावा ठेवा. दर महिन्याला पैसे पाठवल्याची बँक किंवा यूपीआय नोंद, शाळेची फी, सणावाराला आल्याची तिकिटं. रोख रक्कम भावाच्या हातून पाठवत राहिलात तर उद्या “याने कधी विचारपूसही केली नाही” या वाक्याला उत्तर राहत नाही.

धर्म बदलला तर?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ६ म्हणतं की हिंदू राहिला नाही किंवा पूर्ण संन्यास घेतला, तर ती व्यक्ती नैसर्गिक पालक राहत नाही. नागपुरात यावरून हमखास गैरसमज होतो, म्हणून स्पष्ट सांगतो: बौद्ध, जैन आणि शीख या कायद्यात ‘हिंदू’ या व्याख्येतच येतात. बौद्ध धम्म स्वीकारल्याने मुलावरचा हक्क जात नाही. कोणी सासरचा माणूस तसं धमकावत असेल तर त्याला काहीही आधार नाही.

ख्रिस्ती किंवा मुस्लिम धर्म स्वीकारल्यास या कायद्याखालचं ‘नैसर्गिक पालक’ हे स्थान जातं, पण ताबा कोर्ट मुलाच्या हितावरच ठरवतं. अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्याकडच्या गोंड कुटुंबांनाही, हा कायदा थेट लागू नाही; तिथे १८९० चा कायदा आणि रूढी चालतात. बाल न्याय कायदा मात्र सर्वांना सारखा.

पोलिसांनी किंवा १०९८ ने मूल नेलं. आता काय काय होणार?

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मूल समितीपुढे हजर केलं जातं. समिती सामाजिक तपासणीचा आदेश देते. हा अहवाल १५ दिवसांत यायला हवा. अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत. या काळात मूल बालगृहात, योग्य व्यक्तीकडे किंवा देखरेखीखाली तुमच्याकडेच राहू शकतं.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चं मूळ तत्त्व असं आहे की मुलाची पहिली जागा घर, संस्था हा शेवटचा उपाय. म्हणजे कायद्याचा कल तुमच्या बाजूने आहे. तो कल तुम्ही गैरहजर राहून वाया घालवू नका.

पहिल्या तारखेला काय न्यायचं: दोन्ही पालकांचं आधार, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं ओळखपत्र किंवा निर्गम उतारा, रेशनकार्ड, घरभाड्याचा करार किंवा वीजबिल, मुलासोबतचे वेगवेगळ्या वयातले चार-पाच फोटो. मूळ प्रती आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स. आईबाप दोघं हयात आणि सोबत असतील तर दोघंही जा. फक्त मामाला पाठवलं की समितीला वाटतं, बापाला गरज नाही.

तपासणीसाठी कार्यकर्ता घरी येतो, बरेचदा न कळवता. घर चकचकीत आहे का, हे तो बघत नाही. मूल झोपतं कुठे, रात्री घरात मोठं माणूस कोण असतं, दप्तर आणि वह्या दिसतात का, शेजारीण काय सांगते, मूल तुम्हाला बघून पुढे येतं की मागे सरतं, हे तो बघतो. खरं सांगा. दारूचा त्रास होता आणि उपचार सुरू केलेत, तर उपचाराचा कागद दाखवा. लपवलेली गोष्ट शेजारी सांगतातच आणि मग बाकीचं खरंही खोटं वाटतं.

सगळ्यांत जास्त प्रकरणं बिघडताना दिसतात ती पत्त्यावरून. टेका किंवा कळमन्याची खोली सोडून कुटुंब वाडीला गेलं, मोबाइलचं सिम बदललं, समितीला कळवलं नाही. पत्र परत गेलं, ‘पालक आढळून येत नाहीत’ अशी नोंद झाली. आईबाप तिकडे वाट बघत बसलेत की आपल्याला बोलावतील. पत्ता बदलला की दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

बाळ सांभाळता येत नाही. समितीकडे सोपवलं (सरेंडर) तर काय होतं?

बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ ची ही पद्धत आहे आणि ती घाईत करायची नाही.

शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक अशा, आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे मूल सांभाळणं शक्य नसेल तर पालक मुलाला घेऊन समितीपुढे येतात. आधी समुपदेशन होतं. तरीही निर्णय कायम असेल तर समितीसमोरच हक्कत्यागाचा लेख लिहून त्यावर सही किंवा अंगठा. त्या कागदावर बघा: कारण लिहिलेलं असतं, कोणाचा दबाव नाही आणि पैसे घेतलेले नाहीत असं लिहिलेलं असतं, दोन महिन्यांत मूल परत मागता येईल असं असतं, आणि आणखी एक मुद्दा असतो जो बहुतेक जण न वाचताच पुढे जातात: उद्या मोठं झाल्यावर मुलाने जन्मदात्यांचा शोध घेतला तर तुमचा पत्ता त्याला द्यायचा की नाही. यावर शांतपणे विचार करा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. एक प्रत मागून घ्या.

त्यानंतर सहा वर्षांखालचं मूल विशेष दत्तक संस्थेत जातं, त्याहून मोठं बालगृहात. आणि दोन महिन्यांचं घड्याळ सुरू होतं. १० जूनला लेख झाला असेल तर ९ ऑगस्ट ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. मन बदललं तर संस्थेत फोन करून किंवा आयाबाईला निरोप देऊन भागत नाही. समितीला लेखी अर्ज, तारीख घालून, पोच घेऊन. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मध्ये सुट्ट्या येतात.

दोन महिने उलटले की समिती मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते. तिथून पुढे दार जवळजवळ बंद.

आईवडील विवाहित असतील तर दोघांची सही लागते. एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा बेपत्ता असेल तर मूल ‘सोडलेलं’ मानून त्याचा शोध घेतला जातो. अविवाहित आईची एकटीची सही पुरते; बाळाच्या बापाचं नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर नाही.

या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवू नये, असं कायद्यातच लिहिलंय. मेयो, मेडिकल किंवा डागा या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात पोलिसांच्या भीतीने बाळ टाकून पळून जायचा विचार मनात येतो तेव्हा हे माहीत असायला हवं. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा परिचारिकेला एवढंच सांगा: “मला बाळ समितीकडे द्यायचंय.” पुढचं ते करतात आणि नाव गुप्त राहतं.

फक्त पैशांची अडचण असेल तर?

मग सही करू नका. आधी प्रायोजकत्वाचा, म्हणजे मूल सांभाळण्यासाठी दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज करा. मिशन वात्सल्यखाली पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांपर्यंत). राज्याची बालसंगोपन योजनाही आहे. दोन्हींचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा बाल संरक्षण कक्षात. विधवा, सोडलेल्या, गंभीर आजारी पालकांना प्राधान्य आहे. गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण नाही. ते मदत देण्याचं कारण आहे. आम्हाला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, की चार हजारांअभावी कायमची सही होते.

ओळखीच्या जोडप्याला बाळ स्टॅम्प पेपरवर दिलं. चालतं का?

नाही. शंभरचा असो की पाचशेचा, नोटरीचा शिक्का असो वा नसो, स्टॅम्प पेपरने मूल देता-घेता येत नाही. घेणाऱ्याला कायद्याने काही मिळत नाही आणि देणारा मात्र अडकतो. पद्धत डावलून मूल दत्तक दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे घेतले असतील तर कलम ८१: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. ‘बाळंतपणाचा खर्च’ म्हणून हातावर ठेवलेली रक्कमही पैसेच. मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा माणसाने, म्हणजे नर्सिंग होमच्या कर्मचाऱ्यानेही, हे केलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. जन्मनोंदणीत थेट दुसऱ्या बाईचं नाव आई म्हणून लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा.

असं आधीच घडलं असेल तर मूल परत मागण्यासाठी समितीकडे जा, आणि जाण्याआधी वकिलाला भेटा.

हिंदू कुटुंबांत थेट दत्तक देता येतं, पण ते हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे: आईवडील दोघांची संमती, मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी, मूल अविवाहित आणि साधारणतः १५ वर्षांखालचं, आणि नोंदणीकृत दत्तकपत्र असलं तर पुरावा पक्का. यात मोबदला घेणं कलम १७ खाली गुन्हा आहे. आणि कलम १५ फार कडक आहे: एकदा वैध झालेलं दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. इथे दोन महिने विचार करायला मिळत नाहीत. दीर-जावेला मूल ‘दिलं’ आणि चार वर्षांनी वाटलं परत घ्यावं, तर वाट नाही. जावेकडे नुसतं वाढवायला ठेवायचं असेल तर दत्तकाचा विधी करू नका.

मूल हरवलं किंवा सोडलं गेलं आणि ते संस्थेत आहे असं उशिरा कळलं. मिळेल का?

पालकांचा शोध घेऊनही कोणी पुढे आलं नाही तर समिती मुलाला मुक्त घोषित करते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत दोन महिन्यांत, त्याहून मोठ्याच्या बाबतीत चार महिन्यांत. निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात.

घोषणा झाली नसेल तर त्याच दिवशी समितीपुढे जा. घोषणा झाली, पण दत्तक आदेश झाला नाही, तर ३० दिवसांत अपील आणि तातडीने उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, निकाल परिस्थितीवर. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ६३ लागू होतं: त्या तारखेपासून मूल नव्या आईबापाचं, जुन्या कुटुंबाशी सगळे संबंध संपले. आधीच मुलाच्या नावावर झालेली मालमत्ता तेवढी त्याच्याकडेच राहते.

नागपूर स्टेशनवर गर्दीत मूल हातातून सुटलं तर रेल्वे पोलिसांत लगेच तक्रार, सोबत फोटो, कपड्यांचं वर्णन, अंगावरच्या खुणा. “दोन दिवस आपणच शोधू” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तक्रारीची तारीख हाच पुढे पुरावा, की तुम्ही मूल टाकलं नव्हतं.

माझ्या घटस्फोटित बायकोच्या नव्या नवऱ्याला मुलाला दत्तक घ्यायचंय. मी अडवू शकतो का?

हो. सावत्र पालकाच्या दत्तकात जन्मदात्याची संमती लागते. पाच वर्षांवरच्या मुलाचीही. ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर तो संपेपर्यंत ही प्रक्रिया सुरू करता येत नाही. संमती दिलीत तर मात्र भेट, ताबा, वारसा सगळंच संपतं. “पोटगी माफ करतो, तू सही कर” हा सौदा अनेकदा पुढे येतो. दहा वर्षांनी मूल दारात उभं राहिलं तर त्याला काय सांगाल, याचा विचार करून सही करा.

तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात असल्याने हक्क जातो का?

त्यामुळे आपोआप नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत तुरुंगात राहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात घालून दिलंय. त्यानंतर मुलाची सोय नातेवाइकाकडे किंवा संस्थेत होते. हक्क राहतो, ताबा राहत नाही. वडील वर्धा रोडच्या कारागृहात असतील तर समितीच्या आणि कोर्टाच्या नोटिशीला तिथूनच, अधीक्षकांमार्फत लेखी उत्तर देता येतं. उत्तर न देणं ही चूक फार जण करतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल साधारणतः वेगळं करत नाहीत. धोका वाटून केलंच तर दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो आणि देखरेखीखाली भेट द्यावी लागते. गोळ्या चालू असलेली आई अपात्र असते, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

घरातल्याच माणसाविरुद्ध पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली) तक्रार झाली तर?

पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. मूल घरात राहू द्यायचं की नाही, हे समिती तीन दिवसांत ठरवते. आरोपी बाप असेल आणि आई मुलाच्या बाजूने ठाम उभी असेल, तर मूल सहसा आईजवळ राहू शकतं, आरोपीला घर सोडावं लागतं. पण आई “घरातलं घरात मिटवू” म्हणाली, मुलीला जबाब फिरवायला सांगू लागली, तर समितीला मूल तिच्याकडूनही काढावं लागतं. बापाच्या गुन्ह्यात आईचा ताबा जातो, तो इथे.

हक्क गेला की पोटगीही संपते ना?

नाही. ताबा नसलेला, भेटीला बंदी असलेला, अगदी अपात्र ठरलेला बापही पोटगी देणं लागतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, पूर्वीचं १२५). ती जबाबदारी संपते दत्तकानेच. उलट पोटगी थकवली म्हणून भेटीचा हक्कही आपोआप जात नाही. दोन्ही अर्ज वेगळे चालतात. तरी तुमचा भेटीचा अर्ज ज्या दिवशी सुनावणीला असेल त्या दिवशी थकबाकी शून्य असावी, हे उत्तम.

आदेश विरोधात गेला. किती दिवस आहेत?

समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात (पालक-काळजी, म्हणजे फॉस्टर केअर, आणि प्रायोजकत्वाच्या आदेशांसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे). जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशाविरुद्ध ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या जुन्या सचिवालयात. कुटुंब न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध नागपूर खंडपीठात. ३० दिवसच धरून चाला.

हे दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्हाला कोणी सांगितल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून आदेश झाला त्याच दुपारी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस साधारणतः मुदतीतून वगळले जातात, पण अर्जाची पावती जपली असेल तरच ते दाखवता येतं.

वकिलाला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न घालता वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर. फोनवर १५१००. उच्च न्यायालयासाठी खंडपीठाची स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे. जाताना मिळालेली नोटीस किंवा आदेश, आधार, आणि पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी न्या. पुढची तारीख तीन-चार दिवसांवर असेल तर ते आल्या आल्या सांगा, रांगेत गप्प बसू नका. नेमणूक त्याच दिवशी करून घेता येते, आणि तोवर निदान हजर राहून मुदतवाढ मागण्याचा एक साधा अर्ज तिथेच लिहून मिळतो.